मेंदूच्या तळाशी तीन मिलिमीटर: क्लायव्हल कॉर्डोमावरच्या प्रोटॉन उपचाराचं एक प्रकरण

रुग्णाची ओळख पटेल असे सगळे तपशील वगळले आहेत किंवा बदलले आहेत. क्लायव्हल कॉर्डोमा म्हणजे कवटीच्या तळाच्या हाडातली ट्यूमरची गाठ. उपचार भारतातल्या एका प्रोटॉन केंद्रात, म्हणजे प्रोटॉन कणांच्या किरणाने उपचार करणाऱ्या केंद्रात, झाले. डोसचे आकडे 'ग्रे आरबीई' या एककात आहेत (ग्रे हे किरणांच्या डोसचं एकक), म्हणजे प्रोटॉनचा जैविक परिणाम फोटॉनच्या, म्हणजे नेहमीच्या क्ष-किरणांच्या, १.१ पट धरून.

पार्श्वभूमी

रुग्ण पश्चिम महाराष्ट्रातल्या ४६ वर्षांच्या प्राथमिक शिक्षिका. डावीकडे लांब पाहिलं की एकाच्या दोन वस्तू शेजारी शेजारी दिसत. आठ महिन्यांत चष्म्याचा नंबर दोनदा बदलला, फरक पडला नाही. एक डोळा हाताने झाकला की दुहेरी दिसणं थांबत होतं, आणि तिथेच संशय यायला हवा होता. असं होतं तेव्हा दोष बहुधा नंबरचा नसतो. दोन डोळे एका रेषेत नसतात. त्यांचा डावा डोळा बाहेरच्या बाजूला पूर्ण वळत नव्हता. हे काम सहाव्या मज्जातंतूचं, आणि तो कवटीच्या तळाशी क्लायव्हस नावाच्या उतरत्या हाडालगत वर चढतो. डोळा बाहेर वळत नसेल तर त्या हाडापर्यंतचा एमआरआय करायला हवा.

तो झाला तेव्हा क्लायव्हसमध्ये साधारण साडेचार सेंटिमीटरची गाठ होती. टी-२ चित्रात (एमआरआयचा एक प्रकार) ती पांढरीशुभ्र दिसत होती आणि मेंदूचा देठ, म्हणजे ब्रेनस्टेम, तिने मागे ढकलला होता. पहिली शस्त्रक्रिया डाव्या कानामागून कवटी उघडून झाली. त्या वाटेने गाठीचा थोडाच भाग हाताला लागतो. सुमारे २७ घन सेंटिमीटर गाठ मागे राहिली, आणि हाड बसवताना टायटॅनियमची छोटी पट्टी व स्क्रू लावले गेले.

पॅथॉलॉजीच्या पहिल्या अहवालात 'कॉर्डोमा किंवा कॉन्ड्रोसार्कोमा' असं लिहिलं होतं. हा प्रश्न अर्धवट सोडून चालत नाही. कमी दर्जाचा, म्हणजे मंद वाढणारा, कॉन्ड्रोसार्कोमा (कूर्चेचा कर्करोग) थोड्या कमी डोसलाही चांगला आटोक्यात येतो. कॉर्डोमा गर्भावस्थेतल्या नोटोकॉर्डच्या, म्हणजे कण्याच्या आधीच्या दांड्याच्या, अवशेषांतून उगवतो, हळू वाढतो, पण हट्टाने त्याच जागी परत येतो. गाठीच्या नमुन्याचे मेणातले ब्लॉक मागवून ब्रॅक्युरीची (कॉर्डोमाची खूण असलेलं प्रथिन) तपासणी केली. पेशींच्या केंद्रकात ती ठळक आली आणि निदान कॉर्डोमा असं पक्कं झालं.

अडचण कुठे होती

कॉर्डोमाला रोखायला ७० ग्रेच्या वर डोस लागतो; कवटीच्या तळासाठी ७४ हा सर्रास वापरला जाणारा आकडा आहे. शेजारच्या ब्रेनस्टेमच्या पृष्ठभागाला ६४ आणि गाभ्याला ५४ ही मर्यादा पाळली जाते. डोळ्यांच्या नसा जिथे एकमेकींना ओलांडतात त्या कायाझ्मासाठी ६० च्या वर जायचं नाही. या बाईंची गाठ ब्रेनस्टेमला चिकटलेली होती. म्हणजे एका बाजूला ७४ आणि तिथेच लागून दुसऱ्या बाजूला ६४.

अशा ठिकाणी प्रोटॉनचं नाव लगेच निघतं, आणि त्याला कारण आहे. फोटॉनचा किरण गाठीतून आरपार जातो आणि पलीकडच्या ऊतींनाही डोस देतो. प्रोटॉन आपली बहुतेक ऊर्जा प्रवासाच्या शेवटी टाकतो आणि थांबतो. १५० एमईव्ही (प्रोटॉनच्या ऊर्जेचं एकक) ऊर्जेचा प्रोटॉन पाण्यात साधारण पावणेसोळा सेंटिमीटर जातो, ७० एमईव्हीचा चारच.

पण तो शरीरात नेमका कुठे थांबेल हे सीटी स्कॅनच्या आकड्यांवरून काढावं लागतं आणि त्या हिशोबात चूक असते. प्रचलित अंदाज रेंजच्या, म्हणजे प्रोटॉन जितकं अंतर जातो त्याच्या, साडेतीन टक्क्यांचा, वर एखादा मिलिमीटर. बाजूने पाहिलं तर क्लायव्हस त्वचेपासून आठ सेंटिमीटर खोल. आठ सेंटिमीटरचे साडेतीन टक्के म्हणजे २.८ मिलिमीटर, त्यात एक मिळवला की जवळजवळ चार. गाठ आणि ब्रेनस्टेम यांच्यातलं अंतर शून्य, आणि किरणाच्या टोकाची अनिश्चितता चार मिलिमीटर. या स्थितीत प्रोटॉन वापरूनही ब्रेनस्टेमकडच्या गाठीला डोस कमीच द्यावा लागला असता, आणि कॉर्डोमा उलटतो तो अशाच कमी डोसच्या कोपऱ्यातून.

समोरचे पर्याय

पहिल्या रुग्णालयाने फोटॉनचा आयएमआरटी (किरणांची तीव्रता जागोजाग बदलून द्यायची पद्धत) लगेच सुरू करू असं सुचवलं होतं. घराजवळ, दीड महिन्यात संपणारं. पण ब्रेनस्टेम सांभाळून गाठीच्या मोठ्या भागाला ६० च्या आसपासच डोस पोचत होता. गॅमा नाइफसारखी एका दिवसाची रेडिओसर्जरी लहान आणि ब्रेनस्टेमपासून सुट्या गाठींसाठी असते; २७ घन सेंटिमीटर आणि तेही चिकटलेलं, त्यामुळे ती लगेच बाद झाली.

कार्बन आयनचा, म्हणजे प्रोटॉनऐवजी जड कार्बन कणांच्या किरणाचा, विषय कुटुंबाने काढला. नातेवाइकांपैकी कुणीतरी जपानला जायला सांगितलं होतं आणि त्यासाठी शेत विकायची तयारीही चालली होती. जपानमधल्या चिबा इथे १९९४ पासून कार्बनने उपचार होतात, जर्मनीत हायडेलबर्गला २००९ पासून. भारतात ही सोय नाही. कार्बनच्या कडा प्रोटॉनपेक्षा धारदार असतात आणि फ्रॅक्शन, म्हणजे उपचाराचे रोजचे हप्ते, कमी लागतात, चिबाच्या पद्धतीत सोळा. पण कॉर्डोमात कार्बन प्रोटॉनपेक्षा सरस ठरल्याचा ठाम पुरावा नाही. आणि गाठ ब्रेनस्टेमला टेकलेली असताना कार्बनपुढेही तोच प्रश्न उभा राहतो. कुटुंबाला हे आकडे मांडून दाखवले, तेव्हा शेताचा विषय थांबला. देशात चेन्नईला २०१९ पासून आणि खारघरच्या टाटा स्मारकाच्या केंद्रात २०२३ पासून प्रोटॉनची सोय आहे, त्यामुळे परदेशी जाण्याचं कारण उरलं नव्हतं.

उरलेला पर्याय सगळ्यात जड होता: आधी दुसरी शस्त्रक्रिया, मग प्रोटॉन. बाईंचा पहिला प्रश्न साहजिक होता. "डॉक्टर, शेक घ्यायचाच आहे तर परत कापायचं कशाला?" उत्तर असं होतं, की ही शस्त्रक्रिया गाठ संपवण्यासाठी नाही, ब्रेनस्टेमपासून ती सुटी करण्यासाठी आहे. शिवाय प्रोटॉनच्या जुन्या मालिकांमध्ये २५ घन सेंटिमीटरच्या वरच्या आणि ब्रेनस्टेमला भिडलेल्या गाठी जास्त उलटल्याचं दिसलं आहे. इथे दोन्ही गोष्टी होत्या. धोका मेंदूभोवतालचा सेरेब्रोस्पायनल द्रव नाकातून गळण्याचा, त्यातून मेनिंजायटिसचा. तो नीट समजावून सांगून संमती घेतली.

आमच्या मते या प्रकरणातला सगळ्यात मोलाचा निर्णय हाच. यंत्रापेक्षा त्याने जास्त साधलं.

दुसरी शस्त्रक्रिया

नाकातून दुर्बिणीने, कवटीच्या तळाचं काम नेहमी करणाऱ्या न्यूरोसर्जन आणि ईएनटी सर्जनच्या जोडीने. स्फेनॉइड सायनस, म्हणजे नाकाच्या मागची हवेची पोकळी, उघडून क्लायव्हस गाठला आणि ब्रेनस्टेमकडची गाठ सोडवली. पोकळी पोटाच्या चरबीने भरली आणि नाकाच्या पडद्यावरचा रक्तपुरवठ्यासकटचा पापुद्रा वर झाकला. गळती झाली नाही. खाली उजवीकडे एका रक्तवाहिनीच्या फांदीला चिकटलेला तुकडा सर्जननी मुद्दाम सोडला.

शस्त्रक्रियेआधी रेडिएशन विभागाने दोन मागण्या केल्या होत्या: नव्याने टायटॅनियम घालू नका, आणि काय सोडलं ते लिहून द्या. धातूमुळे सीटीत रेघा उमटतात आणि रेंजचा हिशोब बिघडतो. नंतरच्या एमआरआयमध्ये सात घन सेंटिमीटर गाठ उरली होती आणि ब्रेनस्टेमपासून बहुतेक ठिकाणी तीन मिलिमीटरचं अंतर मिळालं होतं.

प्लॅन

शस्त्रक्रियेनंतर पाचव्या आठवड्यात मास्क बनवून एक मिलिमीटर जाडीच्या कापांचा सीटी घेतला, कॉन्ट्रास्टशिवाय, कारण कॉन्ट्रास्टने घनतेचे आकडे फसवे होतात. सोबत पातळ कापांचा एमआरआय. ठरलेला डोस: आधी गाठीच्या मूळ विस्ताराला २७ फ्रॅक्शनमध्ये ५४, मग उरलेल्या गाठीला १० फ्रॅक्शनमध्ये २०. एकूण ३७ फ्रॅक्शन, ७४ ग्रे.

बीमच्या दिशा ठरवताना ओढाताण झाली. दोन्ही बाजूंनी, कानांच्या वरून येणारे बीम ब्रेनस्टेमच्या समोरून आडवे जातात. त्यांची कडेची सीमा ब्रेनस्टेमकडे असते, थांबण्याचं टोक नाही, म्हणून रेंज चुकली तरी ब्रेनस्टेमचं फारसं बिघडत नाही. मात्र ते दोन्ही टेम्पोरल लोबमधून, म्हणजे मेंदूच्या कानांजवळच्या भागांमधून, जातात. टेम्पोरल लोबवरचा भार कमी करायला तिसरा बीम घेतला: कपाळाच्या वरून तिरका, स्फेनॉइड सायनसमधून क्लायव्हसकडे जाणारा आणि ब्रेनस्टेमच्या अलीकडे थांबणारा. त्याच्याकडे डोसचा तीस टक्के वाटा होता. डाव्या कानामागची टायटॅनियमची पट्टी एकाही बीमच्या वाटेत येऊ दिली नाही.

पहिल्या टप्प्यात प्रत्येक बीम एकट्याने गाठभर सारखा डोस देईल अशी रचना ठेवली. हे पुढे कामी आलं. जागेत तीन मिलिमीटर आणि रेंजमध्ये साडेतीन टक्के इतकी चूक झाली तर काय होईल, हे सगळ्या बाजूंनी तपासलं. ब्रेनस्टेमचा पृष्ठभाग ६३, गाभा ४६. प्लॅन मान्य झाला.

एक गोष्ट या तपासणीत नव्हती. सीटीच्या दिवशी स्फेनॉइड सायनस शस्त्रक्रियेनंतरच्या स्रावाने भरलेला होता. तो तसाच भरलेला राहील असं प्लॅनने गृहीत धरलं.

आठवं फ्रॅक्शन

पहिला आठवडा सुरळीत गेला. शनिवारी बाई ईएनटी सर्जनकडे ठरलेल्या तपासणीला गेल्या. तिथे दुर्बिणीने नाकातल्या खपल्या आणि साचलेला स्राव साफ केला. ईएनटीच्या बाजूने हे काम अगदी योग्य होतं. प्रोटॉन केंद्राला ते कळवायला हवं, हे मात्र कुणाच्याच यादीत नव्हतं.

सोमवारी आणि मंगळवारी रोजचा कोन-बीम सीटी (उपचाराच्या यंत्रावरच घेतला जाणारा) झाला, हाडं प्लॅनशी अर्ध्या मिलिमीटरच्या आत जुळली, बीम सोडला. दोन्ही दिवशी चित्र हाडांच्या विंडोत, म्हणजे हाडं उठून दिसतील अशा करड्या छटांत, पाहिलं होतं. त्या विंडोत हाड ठसठशीत दिसतं. द्रव आणि हवा यांतला फरक मात्र सहज नजरेतून सुटतो. बुधवारी यंत्रावरच्या टेक्नॉलॉजिस्टने सवयीने मऊ ऊतींची विंडो लावली, तर सायनस काळाकुट्ट. तिने बीम सोडला नाही आणि फिजिसिस्टला फोन केला.

बीमच्या वाटेत ज्या ठिकाणी १४ मिलिमीटर द्रव होता तिथे आता हवा होती. हवेत प्रोटॉनची ऊर्जा जवळजवळ खर्चच होत नाही. म्हणून त्या वाटेवरचा प्रोटॉन सुमारे १४ मिलिमीटर पुढे जाऊन थांबतो, आणि पुढे तीन मिलिमीटरवर ब्रेनस्टेम होता. हाडं जुळली होती, डोस जुळत नव्हता. फोटॉनमध्ये एवढ्या फरकाने विशेष काही बिघडलं नसतं.

कोन-बीम सीटीचे घनतेचे आकडे डोस मोजण्याइतके भरवशाचे नसतात, म्हणून त्याच दुपारी साधा सीटी पुन्हा घेतला आणि जुना प्लॅन त्यावर मोजला. पूर्ण उपचार असाच चालला असता तर ब्रेनस्टेमचा गाभा ४६ वरून ५७ वर, पृष्ठभाग ६३ वरून ६९ वर गेला असता. शिवाय बीमच्या टोकाशी प्रोटॉनचा जैविक परिणाम १.१ पेक्षा जास्त असतो, म्हणजे खरा फटका या आकड्यांहून मोठा.

त्या संध्याकाळचा निर्णय

नवा प्लॅन म्हणजे अवयव पुन्हा रेखायचे, गणित करायचं, पाण्यासारख्या फॅंटममध्ये (शरीराच्या जागी ठेवायचा नमुना) मोजून तपासायचं: चार-पाच कामाचे दिवस. तोवर काय करायचं यावर तीन मतं होती.

जुनाच प्लॅन चालू ठेवा, हे पहिलं. गाभ्याला रोजची वाढ अर्ध्या ग्रेपेक्षाही कमी होती, चार-पाच दिवसांत दोनच्या आत राहिली असती. हे मत बेजबाबदार नव्हतं. दुसरं, उपचार पूर्ण थांबवा. कॉर्डोमा मंद वाढतो, त्याला चार दिवस चालतात. तिसरं, कपाळावरचा बीम बंद ठेवून फक्त बाजूच्या दोन बीमनी डोस द्या.

तिसरं मत स्वीकारलं गेलं. ते शक्य झालं याचं कारण पहिल्या टप्प्याची रचना: प्रत्येक बीम स्वतःच पूर्ण गाठ व्यापत होता. सगळे बीम मिळून एकसारखा डोस बनवतात अशी रचना असती, तर एक बीम काढताच गाठीत खड्डे पडले असते. दोन्ही बीमचे वाटे बदलले, स्वतंत्रपणे मोजले, रात्री शेवटच्या रुग्णानंतर यंत्रावर तपासले आणि गुरुवारपासून चार फ्रॅक्शन तशी दिली. टेम्पोरल लोबना त्या चार दिवसांत थोडा जास्त डोस गेला, तो पुढच्या हिशोबात धरला.

नव्या प्लॅनमध्ये दोन बदल केले. तिसऱ्या बीमचा कोन सायनस शक्य तितका टाळेल असा वळवून वाटा पंधरा टक्क्यांवर आणला. आणि प्लॅन दोन्ही सीटींवर, भरलेल्या आणि रिकाम्या सायनसवर, एकाच वेळी तपासून बनवला. सीटी दर आठवड्याला करायचा ठरला. एकोणिसाव्या फ्रॅक्शनच्या सुमारास बाईंना सर्दी झाली, सायनस अर्धा भरला. मोजून पाहिलं, सगळं मर्यादेत होतं.

बाईंना हे सगळं त्याच बुधवारी सांगितलं होतं, कोणत्या दोन दिवशी डोस थोडा चुकला तेही. त्यांच्या यजमानांनी विचारलं, "मग नाक धुवायचं बंद करायचं का?" नाही. धुणं चालू ठेवायचं, पण ईएनटीकडे जाऊन आलात की दुसऱ्या दिवशी बीमआधी सांगायचं.

यंत्र बंद पडलं तेव्हा

दुसऱ्या टप्प्याच्या थोडं आधी प्रोटॉनला वेग देणाऱ्या सायक्लोट्रॉनच्या रेडिओ-फ्रीक्वेन्सी यंत्रणेत बिघाड झाला आणि तीन दिवस गेले. एका सायक्लोट्रॉनवर सगळ्या खोल्या चालतात, त्यामुळे शेजारच्या खोलीत हलवण्याचा प्रश्न नव्हता. घशाच्या किंवा गर्भाशयमुखाच्या वेगाने वाढणाऱ्या कर्करोगात अशा वेळी फोटॉनची तयार ठेवलेली योजना वापरावी. तिथे लांबलेला प्रत्येक दिवस महागात पडतो. इथे तसं नव्हतं. दिवसाला दोन फ्रॅक्शन देऊन भरपाईही केली नाही, कारण मज्जातंतूंच्या ऊतींना दोन डोसांमध्ये सावरायला वेळ लागतो आणि ब्रेनस्टेम आधीच मर्यादेच्या काठावर होता. एक शनिवार कामाला लावला, बाकी उपचार पुढे सरकला.

परिणाम

सदतीस फ्रॅक्शन पूर्ण झाली. सगळ्या प्लॅनांची बेरीज केली तेव्हा ब्रेनस्टेमचा पृष्ठभाग ६४ च्या आत होता आणि गाभा ५० च्या खाली. खाली उजवीकडच्या सोडलेल्या तुकड्याच्या कडेला ७४ ऐवजी ६८ च पोचला. ही तडजोड जाणून केलेली होती. थकवा, दोन्ही कानांवरचे केस जाणं आणि उजव्या कानात पाणी साचून दडा बसणं, एवढा तात्पुरता त्रास झाला. सहा महिन्यांत डावा डोळा बराच वळू लागला. उरलेल्या दोषासाठी चष्म्यात प्रिझम बसवला आणि त्या शाळेत परतल्या.

चौदाव्या महिन्यात त्यांना सतत गळून गेल्यासारखं वाटू लागलं. स्थानिक तपासणीत टीएसएच (थायरॉइडला चालना देणारं पिट्युटरीचं संप्रेरक) नॉर्मल आला, म्हणून थायरॉइड ठीक असल्याचं सांगितलं गेलं. पिट्युटरी ग्रंथी क्लायव्हसच्या अगदी वर बसते आणि तिला बराच डोस गेलेला असतो. ती मंदावली की टीएसएच वाढतच नाही, त्यामुळे एकटा टीएसएच फसवतो. फ्री टी-४, म्हणजे थायरॉइडचं संप्रेरक, आणि सकाळी आठचं कॉर्टिसॉल केलं, दोन्ही कमी. आधी हायड्रोकॉर्टिसोन (कॉर्टिसॉलची जागा घेणारं औषध), काही दिवसांनी थायरॉक्सिन, हा क्रम पाळला. उलट केलं तर कॉर्टिसॉलची गरज अचानक वाढून जिवावर बेतू शकतं.

बावीसाव्या महिन्यात उजव्या टेम्पोरल लोबमध्ये आठ मिलिमीटरचा ठिपका कॉन्ट्रास्ट घेऊ लागला. लक्षणं नव्हती. गाठ पसरली की रेडिएशनची इजा? ठिपका बीमच्या वाटेत होता, पर्फ्युजन, म्हणजे तिथला रक्तप्रवाह, कमी होतं; दोन्ही खुणा इजेच्या बाजूच्या. बायॉप्सी न करता तीन महिन्यांनी पुन्हा पाहायचं ठरलं. तो तेवढाच राहिला, एकतिसाव्या महिन्यात लहान झाला.

तीन वर्षांनी उरलेली गाठ स्थिर आहे. प्रोटॉनच्या मोठ्या मालिकांमध्ये पाच वर्षांनी स्थानिक नियंत्रण ७० ते ८० टक्क्यांच्या आसपास दिसतं, आणि कॉर्डोमा त्यानंतरही उलटतो. त्यामुळे बरं झालं असं इथे कुणी म्हटलेलं नाही. दर सहा महिन्यांनी एमआरआय चालू आहे.

काय वेगळं करता आलं असतं

पहिली शस्त्रक्रिया कानामागून होण्याआधी चित्रं कवटीच्या तळाचं काम करणाऱ्या टीमला दाखवली असती, तर कदाचित एकच शस्त्रक्रिया पुरली असती आणि टायटॅनियमही टळलं असतं. अशा गाठीत पहिला हात कुणाचा लागतो याला फार महत्त्व आहे.

प्लॅनिंगचा सीटी ईएनटीची सफाई झाल्यावरच घ्यायला हवा होता. नाकातून शस्त्रक्रिया झालेल्या प्रत्येक रुग्णात सायनसची भरलेली आणि रिकामी अशी दोन्ही चित्रं पहिल्याच दिवशी तपासणं सहज शक्य आहे: सीटीवर सायनसला हवेची घनता देऊन तोच प्लॅन पुन्हा मोजायचा, अर्ध्या तासाचं काम. रोजच्या चित्रात हाडं जुळवल्यानंतर एकदा मऊ ऊतींची विंडो लावून बीमच्या वाटेतल्या पोकळ्या पाहायच्या, ही ओळ आता त्या केंद्राच्या रोजच्या तपासणी-यादीत आहे. डिस्चार्ज कार्डावर पिट्युटरीच्या चाचण्यांची यादी, 'टीएसएच एकटा करू नये' या सूचनेसह, गावच्या डॉक्टरांसाठी छापलेली असती तर निदानातले दोन महिने वाचले असते.

तिसऱ्या बीमबद्दल मात्र टीममध्ये अजूनही एकमत नाही. तो नसता तर सायनसचा प्रश्नच आला नसता, असं फिजिसिस्ट म्हणतात. तो नसता तर उजव्या टेम्पोरल लोबमधला ठिपका आठ मिलिमीटरवर थांबला नसता, असं डॉक्टरांचं म्हणणं. पुढच्या क्लायव्हल रुग्णासाठी दोन्ही प्रकारचे प्लॅन शेजारी ठेवून, टेम्पोरल लोबचा ७० ग्रेच्या वरचा भाग किती येतो ते पाहून ठरवायचं, इतकंच तूर्त ठरलं आहे.